देहूचे वाणी श्रीतुकोबाराय

वारकरी बंधुभगिनींनो, श्रीतुकोबारायांचे चरित्र आपल्याला नवे नाही. बिजेच्या कीर्तनात ते आपण दर वर्षी ऐकतो, देहूस गेलो म्हणजे इंद्रायणीच्या डोहापाशी उभे राहून आठवतो. वह्या पाण्यावर तरल्या, शिवाजीराजांचा नजराणा परत गेला, हे प्रसंग लहान पोरालाही तोंडपाठ असतात. म्हणून ते सगळे पुन्हा सांगण्यात आम्ही जागा घालवीत नाही. तुकोबाराय जातीने कुणबी आणि धंद्याने वाणी होते, ही गोष्ट मात्र आपण ऐकतो आणि पुढे जातो. त्यांच्या हाती वीणा आली ती मागाहून. आधी तराजू आला होता. त्या तराजूच्या बाजूने हे चरित्र एकदा पाहावे, असे आम्हांस वाटते.

असे वाटण्याला कारण आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते. आकुर्डी, पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर, अकलूज, वाखरी असे मुक्काम करीत आषाढीला पंढरपुरी पोचते. या अडीच-तीन आठवड्यांत आपण वारकरी काय करतो? भजन करतो, चालतो आणि विकत घेतो. केळी घेतो, फुटाणे घेतो, चहा घेतो, चप्पल तुटली तर शिवून घेतो; पंढरीत बुक्का, तुळशीची माळ, चुरमुरे, कुंकू घेतो. आणि हे घेतो कुणाकडून? मोठ्या पेढीवाल्याकडून नव्हे. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसलेल्या म्हातारीकडून, पाटी घेऊन पळणाऱ्या पोराकडून. गर्दी लोटलेली असते. त्या गडबडीत म्हातारी चार डझनांचे पैसे तीन डझनांचे म्हणून घेते. शंभराची नोट पाचशेची समजून सुटे परत देते. हल्ली फोनवरून पैसे पाठवताना आपल्याकडून एखादे शून्य कमी पडते आणि तिला ते वाचता येत नाही. दिंडी पुढे निघालेली असते. मग आपण काय करतो, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. तुकोबांचे चरित्र या बाबतीत काय सांगते, ते आता पाहू.

तुकोबांच्या घराण्यात आठ पिढ्यांची वारी. मूळ पुरुष विश्वंभरबुवा. त्यांनी देहूत विठ्ठलाची स्थापना केली, अशी परंपरा आहे. विश्वंभरबुवांपासून तुकोबा आठवे. आडनाव मोरे, उपनाव आंबिले. घरी शेती होती, सावकारी होती, दुकान होते आणि देहूच्या पेठेची महाजनकी होती. महाजन म्हणजे नुसता श्रीमंत माणूस असे आज आपण समजतो, पण त्या काळी ते वतन होते. पेठेतला व्यवहार नीट चालतो की नाही हे महाजनाने पाहायचे असे. म्हणजे ज्या घराने बाजारावर नजर ठेवायची, त्या घरात तुकोबा जन्मले. हा जन्म शके १५३० म्हणजे सन १६०८ चा, असे बहुतेक मानतात. अभ्यासकांत याबद्दल मतभेद आहेत आणि काहीजण ते साल पुष्कळ मागे नेतात. आपल्याला त्या वादाचे येथे काम नाही.

वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरला भाऊ सावजी विरक्त वृत्तीचा, धाकटा कान्होबा. सावजीने प्रपंचात मन घातले नाही, तेव्हा धंद्याचा भार मधल्या मुलावर आला. तुकोबा तेव्हा तेरा वर्षांचे होते, असे महीपतिबुवा सांगतात. ताहराबादचे महीपतिबुवा तुकोबांच्या पुष्कळ नंतर झाले. त्यांनी भक्तलीलामृतात हे चरित्र विस्ताराने लिहिले आणि आपण कीर्तनांतून जे ऐकतो ते बहुतेक तेथूनच आले आहे. तेरा वर्षांच्या पोराने वडिलांच्या हाताखाली जमाखर्च शिकला, माल पारखला, उधारी लिहिली, वसुली केली. पहिली काही वर्षे धंदा उत्तम चालला.

हे मुद्दाम सांगतो, कारण तुकोबांना व्यवहारच कळत नव्हता, साधा भोळा माणूस, कुणीही यावे आणि फसवून जावे, असे चित्र आपल्या मनात बसले आहे. ते बरोबर नाही. त्यांची गाथा उघडून पाहा. मुद्दल, व्याज, माप, खरे नाणे, खोटे नाणे, भांडवल, दिवाळे, हे शब्द तेथे जागोजागी येतात, आणि दुकानात बसलेल्या माणसालाच साधेल अशा सहजतेने येतात. परमार्थाची गोष्ट सांगतानाही त्यांना बाजार आठवतो. असा माणूस पुढे जेव्हा तोटा सोसतो तेव्हा तो न कळल्यामुळे सोसतो असे म्हणता येणार नाही. त्याला कळत होते, आणि तरी त्याने सोसले. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मग दिवस फिरले. सतराव्या वर्षी आईबाप गेले. पुढच्याच वर्षी भावजय गेली आणि सावजी तीर्थाला निघून गेला तो परतला नाही. घरात दोन बायका. पहिली रखुमाबाई, दम्याने आजारी. दुसरी जिजाई, पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची लेक, सावकाराघरची; हिलाच आपण आवली म्हणतो. एवढ्यात शके १५५२ च्या सुमारास, म्हणजे सन १६३० पासून, दक्षिणेत तो भयंकर दुष्काळ पडला. दख्खन आणि गुजरात दोन्ही प्रांत त्यात होरपळले. माणसे अन्नान्न करून मेली, गावे ओस पडली. तुकोबांच्या घरातली गुरे गेली, धान्य संपले, ज्यांना उधार दिले होते ते देशोधडीला लागले. रखुमाबाई अन्नावाचून गेली, तिचा मुलगा संतोबाही गेला. ही कुणी मागाहून रचलेली कथा नव्हे. आपल्या आत्मचरित्रपर अभंगात तुकोबांनी स्वतःच सांगितले आहे की दुष्काळाने द्रव्य गेले, मान गेला, बायको अन्न अन्न करीत मेली, आणि लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. धंदा बसला तो बसलाच.

महाजनांच्या घरचे दुकान बुडाले. सोयऱ्याधायऱ्यांनी थोडीफार मदत केली, पण ओसरलेली पेठ उभी राहीना. पूर्वी जो सावकार होता तो आता बैलावर गोणी टाकून गावोगाव हिंडणारा किरकोळ विक्रेता झाला. तुकोबांचे आयुष्य असे दोन्हीकडचे आहे. गल्ल्यावर बसून घेणारा कसा असतो तेही त्यांनी पाहिले आणि झाडाखाली माल मांडून गिऱ्हाइकाची वाट पाहणारा कसा असतो तेही. आजची आपली केळीवाली म्हातारी ज्या जागी बसते त्याच जागी आपले तुकोबा बसले होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आता महीपतिबुवांनी सांगितलेली मिरच्यांची कथा पाहा. तुकोबा मिरच्यांच्या गोण्या भरून कोकणात गेले. एका गावी झाडाखाली माल उतरला आणि नामस्मरण करीत बसले. लोक जमले, भाव विचारू लागले. तुकोबांनी भावाची घासाघीस केली नाही; तुम्हीच मापून घ्या आणि योग्य ते द्या, अशा वृत्तीने ते बसून राहिले. लोकांनी काय केले? कुणी माप शीग लावून घेतले, कुणी दोन मापे घेऊन एकाचे पैसे ठेवले, कुणी उद्या देतो म्हणून निघून गेला. गोण्या रिकाम्या झाल्या, पदरात फार थोडे पडले. गावात एकमेकांना सांगत सुटले असतील की आज एक खुळा वाणी आला आहे, लवकर जा.

कथा ऐकताना आपण तुकोबांच्या वैराग्याला नमस्कार करतो आणि थांबतो. आमचे म्हणणे असे की थांबू नये. त्या गावच्या गिऱ्हाइकांकडेही पाहावे. ते काही चोर नव्हते. घरफोडी करणारे, वाटमारी करणारे नव्हते. तुमच्याआमच्यासारखी संसारी माणसे होती, देवधर्म करणारी होती. कुणी त्यांना लुबाडायला सांगितले नव्हते. विकणाऱ्याचे लक्ष नाही एवढेच त्यांनी पाहिले. त्यांच्या मनात काय आले असेल ते आपण सहज ओळखू शकतो, कारण आपल्याही मनात तेच येते. त्यानेच तर दिले, आम्ही थोडेच हिसकावले? त्याने नीट पाहायला नको होते का? चार मिरच्यांनी काय होते?

या कथेचा शेवटही आपण विसरतो. तुकोबा त्या लोकांकडे मागायला गेले नाहीत. पण पांडुरंगाला ते पाहवले नाही. त्याने माणसाचे रूप घेतले, घरोघर गेला, ज्याच्याकडे जेवढे राहिले होते तेवढे मोजून वसूल केले आणि पैका आणून तुकोबांच्या स्वाधीन केला. कथा म्हणून पाहा की साक्षात्कार म्हणून पाहा, तिचा रोख एकच आहे. भक्ताने सोडले म्हणून देवाने सोडले नाही. तुकोबांनी हिशोब मागितला नाही म्हणून त्या लोकांचे देणे फिटले नव्हते. ते होते तेवढेच शिल्लक होते. विकणारा गप्प बसला, त्याला कळले नाही, किंवा कळून त्याने सोसले, यांपैकी काहीही झाले तरी घेणाऱ्याच्या खात्यावरची रक्कम पुसली जात नाही.

परतीच्या वाटेवर आणखी एक भामटा भेटला. पितळेच्या कड्याला सोन्याचा मुलामा देऊन त्याने ते सोन्याचे म्हणून तुकोबांच्या गळ्यात मारले आणि पैसे घेऊन गेला. हा उघड ठक. याला वाईट म्हणायला आपल्याला अडचण पडत नाही. पण विचार करा, कोकणातल्या गिऱ्हाइकांत आणि या ठकात अंतर किती? ठकाने खोटे उभे केले, गिऱ्हाइकांनी आयत्या पडलेल्या विसराचा फायदा घेतला. एकाचे पाप मोठे, दुसऱ्याचे लहान, हे आम्ही मान्य करतो. परंतु तुकोबांच्या घरी जे पोचले नाही ते दोन्ही वेळा सारखेच पोचले नाही.

घर म्हटले की जिजाई आली. लोकांनी या माउलीला कजाग ठरवून ठेवली आहे. कीर्तनात तिचे नाव निघाले की मंडळी हसतात. पण तिच्या बाजूने एकदा पाहा. नवरा मिरच्या घेऊन गेला आहे, घरी पोरे उपाशी आहेत, आणि तो पितळी कडे घेऊन येतो. कोकणातल्या घरांत त्या दिवशी चार मापे मिरच्या फुकट आल्या, त्यांची किंमत कुणाच्या चुलीतून गेली? जिजाईच्या. किरकोळ विकणारा माणूस एकटा कधीच नसतो. त्याच्या पाटीमागे एक चूल असते. मोठ्या व्यापाऱ्याची चूक त्याच्या नफ्यात जिरून जाते. पाटीवालीचा नफाच एवढासा असतो की एक डझन चुकले तर तिचा दिवसभराचा घाम फुकट जातो, कधी मुद्दलही जाते. आणि संध्याकाळी घरी हिशोब देताना बोलणी तीच खाते.

पुढची हकिकत याहून बोलकी आहे. जिजाईने हिंमत सोडली नाही. आपल्या नावाने खत लिहून दिले, दोनशे रुपये कर्ज काढले आणि नवऱ्याला पुन्हा व्यापाराला धाडले. तुकोबांनी मीठ भरले, बालेघाटाकडे गेले आणि दोनशेचे अडीचशे केले, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे व्यापार येत होता की नव्हता? उत्तम येत होता. पण परत येताना एक कर्जात अडकलेला गृहस्थ दिसला, त्याला शिपायांनी धरून नेले होते, बायकापोरे आक्रोश करीत होती. तुकोबांनी सगळे अडीचशे देऊन त्याला सोडविला. जिजाईने काय म्हटले असेल ते सांगायला नको. ते दोनशे तिच्या नावावरचे होते.

येथे आमच्यापुढे एक अडचण उभी राहते, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तुकोबांनी जिजाईच्या कर्जाचे पैसे परस्पर देऊन टाकले, हे योग्य झाले काय? संतांच्या करुणेला माप नसते, हे खरे. पण आपल्यासारख्यांनी त्यातून शिकायचे ते एवढेच की दान करावे ते आपले करावे. आणि तुकोबांनी स्वतः पुढे हे केवढ्या काटेकोरपणे पाळले, ते खतांच्या प्रसंगात दिसते.

तो प्रसंग असा. संसाराला विटून तुकोबा भामगिरीच्या डोंगरावर जाऊन बसले. कान्होबा शोधत शोधत तेथे पोचले. दोघे भाऊ इंद्रायणीकाठी आले. वडिलांच्या वेळची, लोकांनी लिहून दिलेली कर्जखते घरात होती, ती तुकोबांनी मागवून घेतली आणि डोहात सोडायला निघाले. लोकांना आपल्या बंधनातून मोकळे करावे आणि आपणही मोकळे व्हावे, हा विचार. कान्होबा संसारी माणूस. त्याने आपली अडचण मांडली की दादा साधू झाले, पण मला बायकापोरांना पोसायचे आहे. तेव्हा तुकोबांनी काय केले? बंधूला उपदेश केला नाही, त्याच्या संसारीपणाला नावे ठेवली नाहीत. खतांचे दोन सारखे भाग केले. अर्धे कान्होबाच्या हाती दिले आणि आपल्या वाट्याचे अर्धे इंद्रायणीत सोडले.

बंधुभगिनींनो, हा प्रसंग आपण वैराग्याचा म्हणून सांगतो. तो तितकाच चोख हिशोबाचाही आहे. देणे माफ करण्याचा हक्क ज्याचे येणे आहे त्याचा. तुकोबांनी आपले सोडले. भावाच्या हक्काची एक पैही त्यांनी सोडली नाही, कारण ती त्यांची नव्हती. मग ज्याचे देणे आहे त्याने स्वतःच स्वतःला माफी कशी द्यावी? केळीवालीला तिची चूक कळली आणि ती म्हणाली, असू द्या माउली, तुम्ही वारकरी, तर ती तिच्या वाट्याची खते तिने इंद्रायणीत सोडली; ते घ्यावे आणि तिला नमस्कार करावा. पण तिला कळलेच नाही, आणि आपण मनात म्हटले की असू दे, तर ती खते आपण तिच्या पेटीतून काढून बुडविली. बाहेरून पाहता दोन्हीकडे केळी तेवढीच आणि पैसेही तेवढेच. मधे उभे आहे ते तिचे कळणे.

यावरून एक सोपी कसोटी निघते. तिला खरे काय ते ठाऊक असते तर तिने ही वस्तू या पैशांत दिली असती का? दिली असती, तर तो भाव. पावसात भिजलेला माल संध्याकाळी ती स्वस्त काढते, आपण घेतो, त्यात काही पाप नाही. तिला माहीत आहे आणि तिने ठरविले आहे. वारकऱ्यांना म्हणून ती दोन केळी वर घालते, तोही तिचा धर्म. पण ती चुकली असेल, तर तो भावही नव्हे आणि दानही नव्हे.

याच संदर्भात शेत राखण्याची गोष्ट सांगितली पाहिजे. एका शेतकऱ्याने तुकोबांना पिकाची राखण करायला बसविले. मजुरी अर्धा मण धान्य ठरली. तुकोबा माचाणावर भजनात दंग, पाखरे कणसांवर. त्यांनी पाखरांना हाकलले नाही. शेतकरी आला, पाहतो तो कणसे रिकामी. त्याने गावच्या पंचांपुढे गाऱ्हाणे नेले. पंचांनी ठरविले की शेतात नेहमी जेवढे पिकते तेवढे तुकोबांनी भरून द्यावे, आणि शेतात जे उरले असेल ते तुकोबांनी घ्यावे. तसा कागद झाला. मग मळणी केली तर धान्याची रास ठरलेल्याहून कितीतरी पट निघाली. शेतकऱ्याला त्याचा ठरलेला वाटा मिळाला. उरलेले कागदाप्रमाणे तुकोबांचे. गावाने ते त्यांच्यापुढे ठेवले. कागद त्यांच्या बाजूचा, पंच त्यांच्या बाजूचे, घरी जिजाई आणि पोरे. तुकोबांनी एक दाणा घेतला नाही. आपल्या श्रमाचे हे नव्हे, एवढेच त्यांना दिसत होते. शेवटी ते धान्य गावच्या कुलकर्ण्यांकडे ठेवले आणि पुढे विठ्ठलमंदिराच्या कामी लागले, असे सांगतात.

ही गोष्ट ऐकून एखादा चतुर वारकरी म्हणेल, ठीक आहे, म्हातारीचे चुकून आलेले पैसे मी विठोबाच्या पेटीत टाकतो म्हणजे झाले. नाही, तसे होत नाही. शेतातले ते धान्य मंदिराकडे गेले ते कधी? शेतकऱ्याचे त्याला पोचल्यावर, आणि ज्याच्या नावे उरले त्याने नको म्हटल्यावर. कुणाचे देणे बुडवून ते गेले नाही. येथे तर धनीण समोर आहे, जिवंत आहे, पोतं अंथरून बसली आहे. तिचे तिला न देता देवाच्या पायी ठेवायचे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले तुळशीचे रोप उपटून आणून माळ करण्यासारखे आहे. पांडुरंगाने कोकणात जाऊन वसुली केली ती आपल्या पेटीसाठी केली नव्हती. ज्याचे होते त्याच्या हाती नेऊन दिली होती.

पुढचे चरित्र आपल्याला ठाऊक आहे. भामगिरी आणि भंडाऱ्यावर एकांत झाला, बाबाजी चैतन्यांचा स्वप्नात अनुग्रह झाला, कवित्व स्फुरले, रामेश्वरभट्टांचा विरोध झाला आणि निवळला. तराजू सुटला, पण तुकोबांचा बाजाराशी संबंध सुटला नाही. बाजाराला निघाले की गावातल्या बायाबापड्या आपापले तेल आणायला सांगत आणि तुकोबा तेलाचे नळे गळ्यात अडकवून सगळ्यांचे तेल आणून देत, अशी कथा आहे. तेलाचे भरलेले नळे गळ्यात घेऊन यायचे, कुणाचे किती हे लक्षात ठेवायचे, आणि ज्याचे त्याला थेंब न कमी करता द्यायचे. ज्याने स्वतःचे सगळे सोडले तो दुसऱ्याच्या पावशेर तेलाला असा जपत होता. आणि त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे चाकणचे, तेलाचाच व्यवसाय करणारे. घाण्यावरच्या माणसाच्या हातून गाथा आपल्यापर्यंत आली, हे आपण वाण्यातेल्यांच्या पुढ्यात उभे राहताना विसरू नये.

तुकोबांनी धन मिळवूच नये असे कधी सांगितले नाही. सरळ मार्गाने मिळवावे आणि मिळविल्यावर त्याला चिकटून बसू नये, हा त्यांचा उपदेश प्रसिद्ध आहे. यातला दुसरा भाग संन्याशालाही अवघड, तो राहू द्या. पहिला भाग तरी आपल्याला झेपण्यासारखा आहे.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. चूक लक्षात आली की तेथल्या तेथे सांगावी, पण हळू सांगावी. चार माणसांत मोठ्याने सांगून आपला प्रामाणिकपणा मिरवू नये. म्हातारी ओशाळते, शेजारची बाई हसते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला कळते की हिला हिशोब येत नाही. दिंडी पुढे गेली आणि मुक्कामावर पैसे मोजताना लक्षात आले, तर गाव ठाऊक असते. मागून येणाऱ्या दिंडीत कुणी ओळखीचे असेल तर निरोप करावा, नाहीतर परतीच्या वाटेला किंवा पुढच्या वारीला शोधून द्यावे. ती त्याच वळणावर बसते, हे आपल्यालाही माहीत असते. मुळीच सापडत नसेल तर तेवढे पैसे आपले मानू नयेत. तिच्यासारख्याच एखाद्या गरजूच्या पदरात घालावेत. मोठ्या दुकानातली चूक असेल तर चालते, असेही कुणी समजू नये. गल्ल्यावरच्या नोकराच्या पगारातून ती भरून घेतात, असे पुष्कळदा होते. आणि ज्या जिभेने रामकृष्णहरि म्हटले त्याच जिभेने पाच रुपयांसाठी पाटीवालीशी घटकाभर घासाघीस करू नये. तिने भाव चढविला असेल तर घेऊ नये, पुढे जावे. त्यातही कुणाचा अपराध होत नाही.

कुणी म्हणेल, ही एवढीशी गोष्ट, हिला परमार्थात काय जागा? आम्ही म्हणतो, तुकोबांच्या चरित्रात हिला पुष्कळ जागा आहे. राजाचा नजराणा परत करण्याची वेळ आपल्यावर येणार नाही. आपल्या वह्या कुणी डोहात टाकणार नाही. पुष्पक विमानाची गोष्ट तर फारच दूर. पण दहा रुपये जास्त हातात आले आणि समोरचीला कळले नाही, ही वेळ आपल्यावर येत्या वारीत नक्की येईल, बहुधा एकाहून अधिक वेळा येईल. त्या वेळी कोकणातले गिऱ्हाईक व्हायचे की तेलाचे नळे वाहणाऱ्याचे वारकरी व्हायचे, हे आपल्या हाती आहे.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, सन १६५० मध्ये, तुकोबाराय वैकुंठाला गेले. मागे जिजाई होती, महादेव आणि विठोबा हे मुलगे होते, काशी, भागीरथी, गंगा या मुली होत्या. नारायणाचा जन्म त्यानंतरचा. याच नारायणबाबांनी सन १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून ज्ञानोबातुकारामांच्या गजरात वारी नेण्याची रीत घातली, असे परंपरा मानते. म्हणजे ज्या पालखीमागे आपण चालतो ती एका वाण्याच्या घरातून निघालेली आहे, आणि ती चालविणारा मुलगा जिजाईने तोट्याच्या संसारात वाढविलेला आहे. त्या पालखीच्या वाटेवर बसलेल्या एकाही विकणाराला, दिंडी गेल्यावर हिशोब करताना, वारकऱ्यांमुळे आपले कमी आले असे म्हणायची पाळी येऊ नये. एवढे येत्या आषाढीपासून आपण पाळू या.

॥ रामकृष्णहरि ॥